जहाज पिनांगला लागल्यावर: जॉर्जटाउनमधला एक दिवस

सिंगापूरहून निघणाऱ्या तीन-चार रात्रींच्या क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ असते: 'पिनांग, सकाळी ८ ते संध्याकाळी ६'. ती वाचून बहुतेकांच्या डोक्यात दहा तासांचा हिशेब तयार होतो आणि त्या दहा तासांत डोंगर, देऊळ, समुद्रकिनारा, बाजार असं सगळं कोंबलं जातं. प्रत्यक्षात हातात सहा-सात तास असतात. त्यातले दोन-तीन गाडीत घालवले तर पाहणं कमी आणि बसणंच जास्त होतं.

पिनांग हे मलेशियाचं बेट, जॉर्जटाउन हे त्यावरचं मुख्य गाव, आणि इथली खरी मजा वेगळीच आहे. इथे जहाज थेट गावात लागतं. पोर्ट क्लांगला उतरलात तर क्वालालंपूर गाठायला तासभर रस्ता. लाम चाबांगला उतरलात तर बँकॉक दोन तासांवर. फुकेटच्या पातोंगला बहुतेक वेळा जहाज बाहेर नांगर टाकतं आणि लहान बोटीने किनाऱ्यावर जावं लागतं. पिनांगला मात्र स्वेटनहॅम धक्क्याच्या फाटकातून बाहेर पडलं की समोर घड्याळाचा मनोरा, उजव्या हाताला किल्ला आणि त्यांच्या पाठीमागे अख्खं जुनं जॉर्जटाउन. २००८ पासून हा भाग, मलाक्काच्या जोडीने, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तेव्हा जहाजावर विकली जाणारी बसची सहल घ्यायची गरज फक्त ज्यांना चालणं जमत नाही त्यांना. बाकीच्यांनी पायी फिरावं.

आधी वेळेचा हिशेब, तोही उलटा मांडायचा. जहाज सहाला सुटणार असेल तर सगळ्यांनी परत चढण्याची वेळ साडेपाच किंवा पाच असते. नेमकी वेळ जहाजावर रोज मिळणाऱ्या पत्रकात छापलेली असते, तीच खरी. शेवटच्या तासात टर्मिनलमध्ये सामान तपासणीची रांग लांबते, म्हणून चार-सव्वाचारला फाटकावर हजर असलेलं बरं. सकाळी आठला जहाज लागलं तरी बंदराची परवानगी मिळून शिडी उघडेपर्यंत अर्धा ते एक तास जातो आणि आधी सहलवाले उतरतात. साडेनऊला रस्त्यावर पाय पडला असं धरा. साडेनऊ ते सव्वाचार, बस एवढाच तुमचा दिवस.

घड्याळाचं एक वेगळं त्रांगडं आहे. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच, भारताच्या अडीच तास पुढे. थायलंड मात्र त्यांच्या एक तास मागे. जहाज फुकेटहून पिनांगला येत असेल तर जहाजावरची वेळ बदलली की नाही हे आदल्या रात्री विचारून घ्यावं, कारण मोबाइल किनाऱ्यावरचा टॉवर पकडून आपोआप स्थानिक वेळ दाखवायला लागतो आणि जहाज मात्र स्वतःच्या वेळेने सुटतं. मनगटावर साधं घड्याळ बांधून ते जहाजाच्या वेळेवर ठेवणं हा सगळ्यात सोपा उपाय. मोबाइल समुद्रात असताना फ्लाइट मोडवरच ठेवा. जहाजाचं स्वतःचं सेल्युलर नेटवर्क उपग्रहावरून चालतं आणि ते चुकून पकडलं गेलं की घरी आल्यावर बिल पाहून घाम फुटतो.

कागदपत्रांत मराठी प्रवासी हमखास अडकतात ते पिनांगला नव्हे, सिंगापूरला. क्रूझ सिंगापूरला सुरू होऊन तिथेच संपत असेल, तर जहाजात चढताना तुम्ही सिंगापूर सोडता आणि उतरताना पुन्हा प्रवेश करता. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तो विमानतळावरच खर्ची पडलेला असतो. म्हणून व्हिसाच्या कागदावर 'मल्टिपल' शब्द आहे ना हे मुंबईत असतानाच बघा. सिंगापूरचं ऑनलाइन अरायव्हल कार्डही परतताना पुन्हा भरावं लागतं. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टला ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली आहे. ती मुदतीची सवलत आहे, त्यामुळे निघण्याआधी ती चालू असल्याची खात्री करून घ्या. मलेशियाचंही डिजिटल अरायव्हल कार्ड आहे आणि ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. दोन्ही कार्डं मोफत आहेत. पैसे मागणारी वेबसाइट दिसली की ती सरकारी नाही असं समजून बंद करा.

पासपोर्ट कधी जहाजच ठेवून घेतं, कधी तुमच्याकडे असतो. तुमच्याकडे असेल तर घेऊनच उतरा. नसेल तर त्याची छायाप्रत, जहाजाचं कार्ड आणि त्या दिवसाचं पत्रक खिशात ठेवा. त्या पत्रकावर बंदरातल्या एजंटाचा फोन नंबर असतो. पत्रक केबिनमध्ये विसरणारेच जास्त असतात, म्हणून त्याचा फोटो काढून ठेवा.

फाटकाबाहेर टॅक्सीवाले आणि सायकलरिक्षावाले गराडा घालतात. मान हलवून सरळ पुढे चालत राहावं. सायकलरिक्षा, म्हणजे इथली 'बेचा', हौस म्हणून ठीक आहे, पण दर तासाचा की फेरीचा, माणशी की रिक्षाचा, हे चढण्याआधीच ठरवून घ्या. लांब जायचं असेल तर टॅक्सी बोलावायचं ग्रॅब अॅप सगळ्यात बरं. ते भारतात असतानाच सुरू करून ठेवा, कारण नोंदणीचा ओटीपी भारतीय नंबरावर येतो आणि नेमका तिथे तो येत नाही. रोख पैशांपुरतं बोलायचं तर मलेशियाच्या रिंगिटचा रुपयांतला भाव निघण्याआधी बघून ठेवा. जहाजावर पैसे बदलू नका. दहा मिनिटं चालून लिटल इंडियात गेलात तर तिथले सराफी दुकानदार बरा भाव देतात. माणशी ६० ते ८० रिंगिट रोख एका दिवसाला पुरतात, कारण खाण्याच्या गाड्यांवर परदेशी कार्ड सहसा चालत नाही.

आता चालायचा रस्ता. नकाशावर चार शब्द सतत भेटतील: जालान म्हणजे मोठा रस्ता, लेबुह म्हणजे गावातला रस्ता, लोरोंग म्हणजे गल्ली आणि पेंकालान म्हणजे धक्का. जुनी माणसं इंग्रजी नावंच वापरतात, पाट्यांवर मलय नावं असतात. पिट स्ट्रीट विचारलंत तर सगळे सांगतील, पण पाटीवर 'जालान मस्जिद कपितान केलिंग' दिसेल.

सुरुवात मनोऱ्यापासून. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला ६० वर्षं झाली म्हणून चिया चेन इओक या स्थानिक चिनी धनिकाने तो ६० फूट उंच बांधवला, वर्षाला एक फूट या हिशेबाने. पूर्ण व्हायला १९०२ साल उजाडलं आणि तोवर राणी गेलेली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बमुळे तो किंचित कलला आहे, नीट पाहिलं तर कळतं. शेजारच्या कॉर्नवॉलिस किल्ल्याला आत जायला तिकीट आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा फ्रान्सिस लाइट १७८६ मध्ये जिथे उतरला ती ही जागा. पहिला कोट ताडाच्या जातीच्या खोडांचा होता. आज दिसणारा विटा-दगडांचा किल्ला १८०४ नंतर भारतातून आणलेल्या कैद्यांकडून बांधून घेतला गेला. त्याने लढाई कधीच पाहिली नाही. रायगड-सिंधुदुर्ग पाहिलेल्या डोळ्यांना हा किल्ला म्हणजे फारतर मोठा वाडा वाटेल. वेळ कमी असेल तर बाहेरूनच पाहून पुढे सरका.

लाइट स्ट्रीटने पश्चिमेला, फार्क्वार स्ट्रीटवरचं पांढरं सेंट जॉर्ज चर्च (१८१८) पाहून डावीकडे पिट स्ट्रीटला वळायचं. या एका रस्त्यावर आणि त्याच्या आसपास दोन शतकांचा इतिहास दाटीने बसला आहे. आधी क्वान यिन देवीचं देऊळ, उदबत्त्यांच्या धुराने काळवंडलेलं. मग डावीकडे एक गल्ली सोडून क्वीन स्ट्रीटवर १८३३ चं महामारिअम्मन मंदिर. पुढे तमिळ मुसलमानांनी १८०१ मध्ये उभारलेली कपितान केलिंग मशीद. मशिदीत पाहुण्यांना जाऊ देतात, उघडे हातपाय झाकायला झगे तिथेच मिळतात. पण नमाजाच्या वेळी नाही आणि शुक्रवारी दुपारी तर नाहीच. जहाज शुक्रवारी लागत असेल तर मशीद सकाळीच उरकून घ्या. मंदिर दुपारी बंद असतं, हे आपल्या लोकांना सांगायला नको.

मशिदीपुढे रस्ता अरुंद होतो आणि त्याचं नाव कॅनन स्ट्रीट होतं. इथे एका बोळातून आत गेलं की खू कोंगसी. खू आडनावाच्या कुळाचं हे कुलमंदिर आणि सभागृह. आधीची इमारत १९०१ मध्ये जळाली, आजची १९०६ ची. राजवाड्याइतकी भव्य बांधल्याने देवांचा कोप झाला आणि ती जळाली, मग दुसरी जरा आवरती घेतली अशी गोष्ट सांगतात. 'आवरती' इमारत पाहिल्यावर पहिली काय असेल असा प्रश्न पडतो. पैसे देऊन एकच वास्तू पाहायची असेल तर ही पाहा. छपराच्या कडेवरचं चिनी मातीच्या तुकड्यांचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. तळमजल्यावरचं छोटं संग्रहालय बरेच जण चुकवतात, तेही बघा. घरं पाहायची आवड असेल त्यांना चर्च स्ट्रीटवरची पेरानाकन (स्थानिक रीती उचललेल्या चिनी घराण्यांची) हवेली आणि लीथ स्ट्रीटवरचा निळा चोंग फात झे वाडा आहे. त्या वाड्याचा निळा रंग चुन्यात नीळ कालवून दिलेला आहे. पण दोन्ही एका दिवसात नकोत.

आर्मेनियन स्ट्रीटवर गर्दी आहे ती भिंतीवरच्या चित्रांची. लिथुआनियाच्या अर्नेस्ट झाखारेविच याने २०१२ मध्ये काढलेलं, खऱ्या सायकलवर बसलेल्या दोन मुलांचं चित्र इथेच आहे. फोटोसाठी रांग लागते आणि दुपारी भिंतीवर ऊन तापतं. रंगही आता फिके पडले आहेत. चित्रापेक्षा याच रस्त्यावर १२० क्रमांकाच्या घरात डोकवा: चीनच्या क्रांतीआधी तिचे नेते सुन यत-सेन यांच्या संघटनेचा तळ इथे होता आणि १९११ च्या उठावाची बोलणी १९१० मध्ये याच गावात झाली. गल्ल्यांमधल्या भिंतींवर लोखंडी सळ्यांची व्यंगचित्रंही दिसतील, त्यात त्या त्या गल्लीचा इतिहास आहे. ती वाचत चाललं की वेगळा मार्गदर्शक लागत नाही.

आर्मेनियन स्ट्रीट समुद्राकडे उतरली की पेंकालान वेल्ड ओलांडून च्यू जेट्टी. लाकडी खांबांवर पाण्यात उभी असलेली ही वस्ती एका आडनावाच्या कुळाची. शेजारी लिम, तान, ली अशा इतर आडनावांच्या जेट्टी आहेत, पण च्यू सगळ्यांत मोठी. ही माणसांची राहती घरं आहेत, उघड्या दारातून आत कॅमेरा रोखू नका. टोकाकडच्या फळ्यांना कठडा नाही, लहान मुलांचा हात धरा. ओहोटीला खाली चिखल आणि वास असतो. इथून समुद्र उजवीकडे ठेवत, फेरीच्या धक्क्यावरून जहाजाकडे परत यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पाय बोलायला लागले असतील तर फेरीच्या धक्क्यापासून कोमतार इमारतीपर्यंत फिरणारी 'कॅट' नावाची फुकट बस आहे. पण ती वर्तुळात फिरते, त्यामुळे चुकीच्या दिशेची पकडली तर अख्खी प्रदक्षिणा घडते.

न थांबता चाललं तर ही वाट दोन तासांचीही नाही. पाहत, खात, सावलीत बसत चार-साडेचार तास जातात. ऊन कोकणातल्या मे महिन्याचं, बाराही महिने. घरांपुढे 'काकी लिमा' म्हणजे पाच फुटी ओसऱ्या आहेत आणि सावलीसाठी त्यांच्यातूनच चालायचं. पण प्रत्येक ओसरीची पातळी वेगळी, मध्येच मोटारसायकल किंवा माल, आणि कडेला खोल उघडं गटार. पाय मुरगळतात ते इथे. चप्पल नको, पकड असलेले बूट घाला. दुपारची सर अचानक येते, सप्टेंबर ते नोव्हेंबर जास्तच. घडीची छत्री उन्हालाही लागते.

आता जेवण, ज्यासाठी लोक विमानाने पिनांगला येतात. मासे खाणाऱ्या मालवणी माणसाने आसाम लाक्सा सोडू नये. बांगड्याचं आंबट, पातळ कालवण, त्यात तांदळाच्या जाड शेवया, वर पुदिना, कांदा, अननस आणि चमचाभर काळी कोळंबीची चटणी. 'आसाम' म्हणजे आंबट. चिंचेच्या जोडीला त्यात जे सुकं आंबट फळ पडतं, 'आसाम गेलुगोर', ते आपल्या कोकमाच्या कुळातलंच. चार क्वे त्याव म्हणजे चपट्या शेवया मोठ्या आचेवर कोळंबी, शिंपल्या, अंडं घालून परतलेल्या, आणि चिनी गाडीवर बहुधा डुकराच्या चरबीत. डुक्कर नको असेल तर मुसलमानांच्या गाडीवर मागा. नासी कंदार तमिळ मुसलमानांचं: भात आणि त्यावर चार-पाच रस्से एकत्र. पूर्वी विक्रेते कावडीला हंडे बांधून हे विकायचे, 'कंदार' म्हणजे ती कावड. 'बंजिर' म्हणालात तर भातावर रश्श्याचा पूर येतो. बोट दाखवून वाढून घेतात आणि हिशेब नंतर होतो. मोठी कोळंबी किंवा माखल्याची गाभोळी घेतलीत तर बिल एकदम तिप्पट. किंमत आधी विचारा.

शाकाहाऱ्यांचा घात करतं ते बेलाचान: जवळा मिठात आंबवून केलेली वडी. ती चटणीत असते, परतलेल्या पालेभाजीत असते, फळांच्या 'रोजाक'वर ओततात त्या गोड सॉसमध्येही कोळंबी असते. 'मांस नको' एवढंच सांगून भागत नाही, कारण 'दागिंग' या शब्दात मासळी किंवा कोंबडी येत नाही. नावं घेऊन सांगावं: 'तक माऊ आयाम, इकान, उदांग, बेलाचान', म्हणजे कोंबडी, मासा, कोळंबी, बेलाचान नको. अंडं नको असेल तर 'तेलुर'ही जोडा. बौद्ध शाकाहारी खाणावळींत मात्र निर्धास्त जेवा. तिथे परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे कांदा-लसणापुरती जैन मंडळींचीही सोय होते. ताटात मटणासारखं दिसेल ते सोयाबीन किंवा गव्हाच्या चिकापासून केलेलं असतं. लिटल इंडियात, पेनांग स्ट्रीट आणि मार्केट स्ट्रीटच्या आसपास, डोसा आणि केळीच्या पानावरचं जेवण मिळतंच. चेंडोल सगळ्यांना चालतं: बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, माडाच्या जातीचा गूळ, राजमा आणि हिरव्या शेवया. पेनांग रोडजवळच्या केंग क्वी गल्लीत उभं राहून खायचं. जायफळाच्या गराचं सरबतही इथलं खास. रात्रीच्या खाऊगल्ल्यांची यादी इंटरनेटवरून उतरवून आणू नका. गर्नी ड्राइव्हवर खरी गर्दी संध्याकाळी जमते आणि तेव्हा तुम्ही समुद्रात असता.

मेनूवर, पाट्यांवर ओळखीचे शब्द दिसतील: रोटी, साबुन, आलमारी. खिडकीला 'जंदेला' म्हणतात आणि गोव्यात 'जनेल'. दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेले. आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाक्का.

पिनांग हिलवर जायचं की नाही, यावर घरोघरी वाद होतात. हिशेब असा: धक्क्यापासून टॅक्सीने २५-३० मिनिटं, भाडं साधारण १५ ते २० रिंगिट, बसने (क्रमांक २०४, सुट्टे पैसे अचूक हवेत, चालक परत देत नाही) तासभर. केबलने ओढली जाणारी रेल्वे १९२३ पासून आहे, आजचे डबे २०११ चे. चढायला पाच-दहा मिनिटं. पण रांग साध्या दिवशी अर्धा तास, शनिवार-रविवारी आणि शाळांच्या सुट्टीत तास-दीड तास, आणि उतरतानाही तीच कथा. वर एक तास धरला तर चार तास गेले. म्हणजे डोंगर केला तर गाव अर्धवट राहतं. जायचंच असेल तर जहाजावरून उतरल्याबरोबर जा, गाव नंतर, कारण परतीचा रस्ता तुंबला तर जहाज चुकायची भीती. एक खूण लक्षात ठेवा: सकाळी जहाजाच्या वरच्या डेकवरून पश्चिमेला पाहा. माथा ढगात असेल तर वर गेल्यावर पांढरं धुकंच दिसेल. बेत रद्द करा. गाडीत डब्याच्या खालच्या टोकाला उभं राहिलं की चढताना गाव खाली सरकत जाताना दिसतं. विजा कडाडायला लागल्या की सेवा थांबवतात, आणि वर अडकलात तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही.

वाटेतलं केक लोक सी हे बौद्ध देवालय मोठं आणि सुंदर आहे, पण पायऱ्या भरपूर. डोंगर किंवा देवालय, दोन्हींपैकी एकच. बातू फेरिंगीच्या समुद्रकिनाऱ्यासाठी एवढ्या लांब जाऊ नका. तारकर्ली पाहिलेल्यांना तर नाहीच.

खरेदीबाबत एक गैरसमज: करमुक्त बेट लांकावी, पिनांग नव्हे. जायफळाचं तेल, मसाले, बंद डब्यातली बिस्किटं घ्या. 'ताउ सार पिया' या मुगाच्या सारणाच्या बिस्किटांत पारंपरिक पद्धतीने चरबी असते, शाकाहाऱ्यांनी डब्यावरचा मजकूर वाचावा. शिजवलेलं अन्न आणि फळं जहाजावर नेऊ देत नाहीत. ड्युरियन तर वासानेच पकडलं जातं; खायचंच तर रस्त्यावर उभं राहून खा, हंगाम साधारण जून ते ऑगस्ट. बाटली घेतली तर जहाज ती ठेवून घेतं आणि शेवटच्या दिवशी परत देतं. कुणाच्या खिशात तंबाखूची पुडी असेल तर ती सिंगापूरला उतरण्याआधी टाकून द्या, चघळायच्या तंबाखूवर तिथे बंदी आहे.

आणि जहाज चुकलंच तर? टॅक्सीने जहाजाचा पाठलाग करता येत नाही, म्हणून आधी एजंटाला फोन. जहाज तुम्ही आला नाहीत हे ओळखतं, कारण कार्डाची नोंद झालेली नसते. पासपोर्ट जहाजाकडे किंवा केबिनच्या तिजोरीत असेल तर तो काढून शक्यतो एजंटाकडे ठेवून जातात. मग बायान लेपास विमानतळावरून, गावापासून सुमारे सोळा किलोमीटर, पुढच्या बंदराचं किंवा सिंगापूरचं विमान, स्वतःच्या खर्चाने. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, स्वतः फिरणाऱ्यांसाठी नाही. पायी फिरणाऱ्यांचा धोका तसा कमीच, कारण च्यू जेट्टीच्या टोकावरूनसुद्धा धक्क्याला लागलेलं जहाज दिसत असतं. उरलेली सेनची नाणी सराफ बदलून देत नाहीत, ती टर्मिनलबाहेरच्या दुकानात पाण्याच्या बाटलीवर खर्च करून टाका.